शिराकावागोच्या जुन्या शेतकरी घरात एक रात्र राहिले. ते घर आता वारसा म्हणायचं की हॉटेल?

पायवाट

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण वाचा.

नोव्हेंबरच्या शेवटी जपानला गेलो होतो, त्यात एक मुक्काम शिराकावागोला केला, ओगीमाची गावात, त्या हात जोडल्यासारख्या उंच गवती छपरांच्या घरांपैकी एका घरात. तिथे अशा मुक्कामाच्या घराला मिन्शुकू म्हणतात, म्हणजे घरचीच माणसं तुम्हाला ठेवून घेतात, जेवू घालतात. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या असतील, घर सासऱ्यांच्या आजोबांच्याही आधीचं आहे एवढंच त्यांनी सांगितलं.

संध्याकाळी साडेपाचला मिट्ट काळोख झाला होता. आत गेलो, बूट काढले, मधल्या खोलीत जमिनीतच चौकोनी शेगडी (इरोरी म्हणतात), तिच्यात राख, राखेत काड्यांना टोचलेले मासे विस्तवाभोवती तिरके उभे करून ठेवलेले, वर आढ्यापासून टांगलेली एक मोठी लाकडी चौकट. मी सहज वर बघितलं तर तुळया डांबरात बुडवून काढल्यासारख्या काळ्याकुळकुळीत. उठताना आधाराला म्हणून खांबाला हात लावला आणि तळवा काळा झाला, रात्री साबणाने दोनदा धुतला तरी रेघांमधली काजळी गेली नाही. मला ते इतकं आवडलं ना, सांगता येत नाही.

आणि मग दुसरी बाजू. आमच्या खोलीत केरोसीनचा हीटर, कॉरिडॉरच्या टोकाला अगदी नवंकोरं गरम सीटवालं टॉयलेट, भिंतीवर चार भाषांत सूचना, माळ्यावर जायचा जिना दोरी लावून बंद. खोल्यांमध्ये फक्त सरकत्या कागदी दारांचं अंतर. सकाळी नऊनंतर बसेस आल्या आणि लोक आमच्या खिडकीचे फोटो काढायला लागले, मी आत केस विंचरत होते. नवरा म्हणाला, "हे आता शेतकऱ्याचं घर उरलेलंच नाही, शेतकऱ्याच्या घराच्या आकाराचं हॉटेल आहे." मला राग आला, पण उत्तर देता आलं नाही, आणि परत आल्यापासून तेच डोक्यात घोळतंय.

तर ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा, की अशा घरात पाहुणे ठेवायला लागलं की त्याचं वारसा म्हणून मोल कमी होतं का? रिकामं ठेवून म्युझियम केलं असतं तर जास्त जपलं गेलं असतं का?

कडीपाट

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करतो, त्यामुळे राहवत नाहीये.

आधी त्या काजळीबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या तळहाताला लागलं होतं. ही घरं म्हणजे गाश्शो-झुकुरी, गाश्शो म्हणजे जोडलेले हात. छपराचा उतार साठेक अंशाचा, कारण तिथे बर्फ माणसापेक्षा उंच साचतो आणि तो घसरून खाली यायला हवा. छपराच्या सांगाड्यात खिळा नाही. वासे एकमेकांना बांधलेत ते गवताच्या दोरांनी आणि नेसो नावाच्या कोवळ्या झाडांच्या फोकांनी, ओले असताना पिळून बांधतात आणि वाळले की ते आवळत जातात. आता दोर आणि गवत या दोन गोष्टींचे शत्रू कोण, तर ओल आणि कीड, आणि दोघांवर इलाज एकच, रोजचा धूर. शेगडीचा धूर वर जातो, माळ्याची जमीन मुद्दाम फटींची ठेवलेली असते, त्यातून तो मजल्यामागून मजला चढत गवतापर्यंत पोचतो, गवत कोरडं ठेवतो, दोरांवर काजळीचा थर चढवतो. तुम्ही जी टांगलेली चौकट पाहिलीत तिला हिआमा म्हणतात, ठिणगी वर जाऊ नये आणि धूर सगळीकडे पसरावा म्हणून ती असते.

म्हणजे चूल बंद पडली की दुसऱ्या दिवसापासून छप्पर म्हातारं व्हायला लागतं. जुन्या काळी एकदा शाकारलेलं छप्पर चाळीसेक वर्षं सहज जायचं, आता शेगड्या कमी पेटतात म्हणून ते लवकर उतरवावं लागतं. हे रिकाम्या घराचं होतं. म्युझियम केलं तर कुणाला तरी पगार देऊन रोज शेगडी पेटवायला लावावं लागेल, आणि काही ठिकाणी खरंच तसं करतात. तुमच्या मालकीणबाई तुमचे मासे भाजायला ती पेटवतात. धूर तोच.

आता "शेतकऱ्याचं घर उरलं नाही" याबद्दल. या घराने पोटासाठी काय काय केलंय ते बघा. त्या दरीत सपाट जमीन इतकी कमी की नुसत्या शेतीवर भागायचं नाही. म्हणून माळ्यावर रेशमाचे किडे पाळले, दोन-तीन मजल्यांचा तो माळा त्यासाठीच, दोन्ही टोकांच्या खिडक्या वारा-उजेडासाठी आणि खालच्या शेगडीची ऊब किड्यांसाठी. आणि जमिनीखाली काय, तर सोरा! बंदुकीच्या दारूत लागतो तो. शेगडीजवळ खड्डा करून त्यात माती, रानगवत आणि रेशीमकिड्यांची विष्ठा थरावर थर घालून काही वर्षं कुजवायचे, मग त्यातून सोरा काढायचा. शेजारच्या गोकायामातून तो कागाच्या जहागिरीला जायचा. ओगीमाचीतलं सगळ्यात मोठं वादा घराणं याच व्यापारावर मोठं झालं. पुढे मेइजी काळात परदेशी सोरा स्वस्तात यायला लागला आणि हा धंदा बसला, महायुद्धानंतर रेशीमही हळूहळू संपलं. सत्तरच्या दशकात पाहुणे आले. माझ्या मते हे घर पहिल्यापासून कमावतं घर आहे, खाली सोरा, वर रेशीम, आता या दोन्हींच्या मध्ये, तळमजल्यावर माणसं, आणि तिन्ही वेळा शेगडी मध्येच.

आलोइस रीगल नावाच्या ऑस्ट्रियन अभ्यासकाने १९०३ मध्येच ही गाठ दाखवून दिली होती. जुन्या वास्तूला नुसतं "मोल" नसतं, वेगवेगळी मोलं असतात आणि ती एकमेकांशी भांडतात. जुनेपणाचं मोल म्हणतं हात लावू नका, इतिहासाचं मोल म्हणतं मूळ जसं होतं तसं राहू द्या, वापराचं मोल म्हणतं छप्पर गळतंय, आत माणसं राहतात, आजच दुरुस्त करा. तुम्ही आणि तुमचे मिस्टर त्या सकाळी नेमके यातल्या दोन टोकांना उभे होतात.

निळीशाई

कडीपाट, तुमची माहिती नेहमीप्रमाणे भरघोस, पण मी पायवाटच्या मिस्टरांच्या बाजूने आहे आणि मनापासून आहे.

तुम्हीच लिहिलंत की घराचा आकार रेशमातून आला. मग आज त्या माळ्यावर काय आहे? दोरी लावलेला जिना. घराचा सगळ्यात मोठा भाग, ज्याच्यासाठी ते एवढं उंच बांधलं, तो पोकळ आहे आणि खालच्या दोन-चार खोल्या भाड्याने जातात. कमावतं घर वगैरे ठीक आहे, पण रेशीम आणि सोरा त्या घराच्या पोटातून निघत होता, घराच्या लाकडा-मातीने तो घडवला होता. पाहुणा बाहेरून येतो, फोटो काढतो, जातो. त्याच्यासाठी घर कुठल्याही आकाराचं असतं तरी चाललं असतं, फक्त सुंदर असायला हवं. मला यात फार मोठा फरक वाटतो.

मी दोनदा गेलोय तिकडे. ओगीमाचीत नदीपलीकडे मिन्काएन म्हणून जागा आहे, आजूबाजूच्या ओस पडलेल्या वस्त्यांमधली घरं उचलून आणून तिथे मांडलीत. तिथे तुम्ही माळ्यावर जाता, वासे कसे बांधलेत ते हाताच्या अंतरावरून बघता, रेशमाची अवजारं बघता. मला त्या घरांनी जास्त शिकवलं. योकोहामाच्या सांकेइएन बागेत यानोहारा घर आहे, मिबोरो धरणात गाव जाणार म्हणून १९६० मध्ये हलवलेलं, मी तिथे तासभर एकटाच बसलो होतो. ते घर सांगतं की माझं जगणं संपलंय, आता मला नीट बघा. मिन्शुकू सांगते की माझं जगणं अजून चालू आहे, आणि ते पूर्ण खरं नाही. मी भांडायला लिहीत नाहीये, मला याचं वाईट वाटतं म्हणून लिहितोय.

ओसाका मुक्काम

जपानात नऊ वर्षं झाली, शिराकावागोला बर्फात, चिखलात, भाताच्या लावणीला सगळ्या ऋतूंत गेलेय. निळीशाई, तुमचं दुःख कळतं, पण एक गोष्ट तुमच्या हिशोबात आलेली नाही असं वाटतं, ती म्हणजे छपराखालची माणसं नव्हे, छपरावरची माणसं.

या घराची खालची चौकट सुतार करायचे, पण वरचं छप्पर गावकरी स्वतः उभारायचे आणि शाकारायचे. त्या पद्धतीला यूई म्हणतात. आपल्याकडे शेतात इर्जिक करतात ना, आज तुझ्या रानात सगळे, उद्या माझ्या रानात सगळे, अगदी तेच. कुणी किती गवताच्या पेंढ्या दिल्या, किती दिवस राबलं हे वहीत लिहून ठेवायचं आणि तुमची पाळी आली की तेवढंच परत यायचं. २००१ मध्ये नागासे घराचं छप्पर बदललं तेव्हा अशी शेकडो माणसं एकाच वेळी उतारावर चढली होती. एक छप्पर म्हणजे चाळीस वर्षांनी फेडायचं देणं, शेजारी तेव्हाही शेजारीच असणार हे धरून घेतलेलं. आता मला सांगा, हे म्युझियममध्ये कसं ठेवणार? घर हलवता येतं, वासे हलवता येतात, देणं-घेणं हलवता येत नाही. सांकेइएनच्या घराला शेजारी नाही.

आणि ती माणसं गावात टिकली कशी, तर मुख्यतः याच पाहुण्यांवर. पन्नास-साठच्या दशकात काय चाललं होतं तिथे? धरणं आली, मिबोरो १९६१ मध्ये पुरं झालं, वस्त्या पाण्याखाली गेल्या, तरुण शहरात गेले, घरं विकली जात होती, सुटी करून शहरात नेऊन त्यांची रेस्टॉरंट होत होती. तेव्हा ओगीमाचीच्या लोकांनी १९७१ मध्ये एकत्र येऊन तीन गोष्टी ठरवल्या: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव लागलं १९९५ मध्ये, त्याच्या चोवीस वर्षं आधीची ही गोष्ट आहे, त्यांना कुणी बाहेरून येऊन सांगितलं नव्हतं. आता विकायचं नाही, परक्याला द्यायचं नाही, तर खायचं काय? मग आपल्याच घरात, आपण राहत असताना पाहुणे ठेवायचे. पायवाट, म्हणूनच तुमच्या मालकीणबाई स्वतः तिथे होत्या, कुणी मॅनेजर नव्हता.

मला खरी काळजी उलट दिशेची आहे. २००८ मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण झाला आणि गाव नागोयापासून, कानाझावापासून सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याच्या अंतरावर आलं. आजूबाजूच्या वस्त्या धरून अख्ख्या शिराकावाची वस्ती दीड हजारांच्या आसपास, आणि वर्षाला लाखोंनी माणसं येतात, बहुतेक दोन-तीन तासांत परत जातात. हिवाळ्यातल्या रोषणाईला इतकी गर्दी व्हायला लागली की २०१९ पासून आधी बुकिंग केल्याशिवाय सोडत नाहीत. दिवसाच्या गर्दीला आइस्क्रीम आणि फ्रिजवर लावायची चुंबकं विकणं सोपं असतं. मुक्कामाच्या पाहुण्यासाठी पहाटे पाचला उठून भात शिजायला ठेवावा लागतो. मी ज्या घरी पहिली चार वर्षं जायचे त्या आजींनी आता पाहुणे घेणं बंद केलंय, गुडघे राहिले नाहीत, मुलगा शहरात. मागच्या हिवाळ्यात भेटायला गेले तर शेगडीवर फळी टाकून त्यावर टीव्ही ठेवलेला. मला बाहेर येऊन रडू आलं. चहा त्यांनी इलेक्ट्रिक किटलीतून दिला.

निळीशाई

टीव्हीचं वाचून गप्प झालो जरा.

यूईचा मुद्दा मान्य, तो मी धरलाच नव्हता. पण प्रामाणिकपणे सांगा, आज किती छपरं यूईने होतात? मी ऐकलं ते असं की बहुतेक काम व्यावसायिक शाकारणारे करतात आणि खर्चाचा मोठा भाग सरकारी अनुदानातून येतो. मग तेही गेलंच की.

ओसाका मुक्काम

बरोबर ऐकलंय. बहुतेक छपरं आता कारागीर करतात, यूई अधूनमधून होते, बरेचदा एकाच उतारापुरती. अनुदानही आहे, शिवाय १९९७ मध्ये गावाच्या घरांसाठी न्यास झालाय, तो पार्किंगची जागा चालवतो आणि ते पैसे घरांच्या आणि परिसराच्या जपणुकीला जातात. पण "गेलंच" म्हणू नका हो. आगीची गस्त बघा. गवताचं गाव, एक ठिणगी पुरे, म्हणून घरं पाळीपाळीने गस्त घालतात, कुणी लाकडाचे दोन ठोकळे आपटत, आग सांभाळा म्हणून हाळी देत जातं. पाण्याच्या तोफा आहेत गावभर, शरद ऋतूत सगळ्या एकदम उडवून तपासतात, फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. २०१९ च्या नोव्हेंबरात पार्किंगजवळच्या दोन झोपड्या जळाल्या तेव्हा सगळ्या गावाच्या पोटात गोळा आला होता. तोफ यंत्राची आहे, पण पाळी माणसाची आहे, आणि पाळी लावायला रात्री गावात झोपणारी माणसं लागतात. दिवसाचं दुकान चालवून संध्याकाळी खाली शहरात जाणारा माणूस गस्तीला कुठून येणार?

कडीपाट

हे फार नेमकं लिहिलंत. रात्री गावात झोपणारी माणसं.

निळीशाईंच्या शंकेला मात्र मी एका ठिकाणी बळ देतो, कारण ती शंका मलाही आहे, फक्त वेगळ्या जागी. ओगीमाची १९७६ पासून पारंपरिक इमारतींच्या समूहाचं जतनक्षेत्र आहे. हा प्रकार जपानने १९७५ मध्ये कायद्यात सुधारणा करून आणला, एकेक इमारत न धरता अख्खं गाव धरायचं. चांगला कायदा आहे. पण अशा क्षेत्रात बंधन असतं ते मुख्यतः बाहेरच्या रूपावर. छप्पर, भिंती, खिडक्या बदलायला परवानगी हवी, आत काय करता ते बऱ्याच अंशी तुमचं. वादा घरासारखं एखादं घर राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून वेगळं नोंदवलंय, त्याचं आतूनही जतन होतं, बाकीच्यांचं तसं नाही.

त्यामुळे टॉयलेट नवीन केलं याचं मला काही वाटत नाही, ते उद्या काढता येतं. पण पाहुण्याला थंडी वाजू नये, वरून काजळी पडू नये म्हणून खोल्यांना वरून सपाट बंद छत ठोकलं की धुराची वाट बंद होते. बाहेरून घर फोटोत होतं तसंच, आणि आत छप्पर कुजायला सुरुवात. मालकीणबाईंच्या जागी मी असतो तर मलाही मोह झाला असता, पाहुणे रिव्ह्यूमध्ये थंडीची तक्रार लिहितात ना. म्हणून पायवाट, तुमचं घर हॉटेल झालंय का हे मी टॉयलेटवरून नाही ठरवणार. मी विचारीन की वर बघितल्यावर तुळया दिसत होत्या का. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की दिसत होत्या.

अजून एक, निळीशाई, माळा पोकळ आहे म्हणालात त्याबद्दल. त्या वाशांची खालची टोकं पेन्सिलीसारखी टोकदार तासलेली असतात आणि तुळईच्या खोबणीत नुसती टेकवलेली असतात, ठोकलेली नाहीत, म्हणजे वारा आला, भूकंप आला की अख्खं छप्पर थोडं डुलतं आणि परत बसतं. आणि त्या टोकांच्या जवळ वाकडी तुळई असते, चोन्ना म्हणतात. डोंगर-उतारावर बर्फाच्या दाबाने बुंध्याशी वाकलेलं झाड शोधून, तो बाक तसाच ठेवून ती बसवतात. म्हणजे ज्या बर्फाचं ओझं ते छप्पर पेलतं, त्याच बर्फाने ती तुळई वाकवून दिलेली. ब्रुनो टाउट हा जर्मन वास्तुकार १९३५ मध्ये तिथे गेला तेव्हा या रचनेतल्या तर्कशुद्धपणानेच तो थक्क झाला होता. हे सगळं आजही रोज काम करतंय, किडे नसले तरी. त्याला मी पोकळ नाही म्हणू शकत.

निळीशाई

वाकड्या झाडाचं मला माहीत नव्हतं. मिन्काएनमध्ये नक्की त्याच्या खालून गेलो असणार, बघितलं नाही.

माझं मत अर्धं बदललंय असं लिहितो. जिथे घरची माणसं राहतात, शेगडी पेटते आणि वरची वाट मोकळी आहे, ते घर मी वारसा मानीन, पाहुणे असोत नसोत. पण रेशीम गेलं त्याचं दुःख मी सोडणार नाही. आणि मिन्काएनही हवंच, कारण तिथे आणलेल्या घरांच्या वस्त्यांमध्ये आता परत जायला कुणी उरलं नाही.

पायवाट

सगळ्यांचे खूप आभार, नवऱ्याला अख्खा धागा वाचायला लावला. त्याने चोन्नाचा भाग दोनदा वाचला आणि म्हणाला, ठीक आहे, पण खिडकीतून फोटो काढणाऱ्यांचं काय. त्याला उत्तर नाही माझ्याकडे. ओसाका मुक्काम, तुमच्या आजींचं वाचून मीही रडले.

एक गोष्ट तेव्हा समजली नव्हती ती आता समजली. जेवण झाल्यावर आम्ही सगळे खोलीत गेलो, तरी मालकीणबाई बराच वेळ शेगडीपाशी एकट्याच बसून एकेक लाकूड सारत होत्या. मला वाटलं आमची उठबस संपायची वाट बघतायत, म्हणून मी जाऊन सांगितलं की आम्हाला आता काही नको, तुम्ही झोपा. त्यांनी हसून मान हलवली, वर बोट दाखवलं, छपराकडे, आणि काहीतरी बोलल्या. मला जपानी येत नाही. मला वाटलं, बाहेर बर्फ पडतोय म्हणतायत.

फेब्रुवारीत माझी बहीण जातेय, तिला अशाच घरी राहायचंय. फोन करून काय विचारायचं ते कुणी जपानीत लिहून देईल का?

ओसाका मुक्काम

"इरोरी नी माइबान ही ओ इरेमास का", म्हणजे शेगडी रोज रात्री पेटवता का. संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी फोन करू नका म्हणावं, दुपारी दोन ते तीनच्या मध्ये करा. आणि फेब्रुवारीत खोलीत थंडी असणारच, तिला लोकरीचे दोन जोड मोजे घ्यायला सांगा आणि रिव्ह्यूमध्ये त्याबद्दल काही लिहू नको म्हणावं.